तारीख आजची

टोकनच्या तिन्ही मशीनवर निळा पडदा. 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका. २३ टक्के.' सोलापुरातल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी दहाला, दोनशे माणसं रांगेत असताना, मशीनला नटायची हौस आली होती.

दीक्षा तिथली कंत्राटी ऑपरेटर. शिव्या खायला कायम, नोकरीत तात्पुरती.

"बाई, घंटा झाला की," अक्कलकोटकडचे महादेवप्पा म्हणाले. पायाची पट्टी ओली झालेली. "टीव्ही बघाय आलोय व्हय आमी?"

"बसा अप्पा. बघते."

बघणार काय, कपाळ? मार्चमध्येच तिनं लिहून दिलं होतं: मशीनमधल्या सॉफ्टवेअरचं घरगुती लायसन्स नको, त्याचं अपडेट आपल्या सोयीनं रोखता येत नाही. सार्वजनिक वापराच्या मशीनसाठी वेगळं लायसन्स मिळतं, ते एकाच कामाला बांधून ठेवता येतं. प्रशासक प्रदीप सर हसले होते. "माझ्या पोरीच्या लॅपटॉपवर घरगुतीच आहे. चालतंय की."

आता त्याच सरांनी तिला आत बोलावून दार लावलं. बाराला विश्वस्त यायचे होते. टेबलावर टाईप केलेला कागद, तारीख मार्चची: 'घरगुती लायसन्स पुरेसं आहे, अशी माझी शिफारस आहे.' खाली तिचं नाव.

"सही कर. तीस तारखेला तुझं कंत्राट संपतंय, ते मी बघतो."

घरात पगार तिचा एकटीचाच. फाईलमधली तिची टिपणी सरांनी केव्हाच गायब केली असणार. पण तिचे वडील हरिदास जन्मभर महापालिकेत शिपाई. कागद दिला की पोच घ्यायची, हे त्यांनी पोरीला घोटून शिकवलेलं. आवक शिक्क्याची प्रत तिच्या डब्याच्या पिशवीत होती.

तिनं पेन उचललं. सर खुर्चीत रेलले.

टाईप केलेल्या मजकुरावर तिनं आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: 'माझी शिफारस उलट होती. आवक क्रमांक ४१२ पाहावा. पोच माझ्याकडे आहे.' सही केली, मोबाईलवर फोटो काढला आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

सरांचा आवाज एकदम खाली आला. "तीस तारीख लक्षात आहे ना?"

"आहे की. ह्याच्यावर आजची घातलीय."

बाहेर ३१ टक्के. दीक्षानं वहीची पानं टराटरा फाडली आणि आकडे लिहायला बसली.

"अप्पा, तुमचा एक नंबर."

"ह्ये चालतंय व्हय?"

"चालतंय. ह्याला लायसन लागत न्हाय."