बसक्या गाडीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी सेडान आहे. बसकी, लांब, मागे वेगळी डिकी असलेली. माझ्या पुढ्यात एक उंच एसयूव्ही उभी असते आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो. माझ्याकडे नजर गेलीच, तर विचारतो, "ही अजून काढली नाही?"

कारखान्यात माझा पत्रा ठोकला, रंग चढवला, ते मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकानातलं. मालक माझं बॉनेट उघडून बघत होते आणि मालकीणबाई सरळ मागचं दार उघडून बसल्या. "अहो, आपल्या पलंगाएवढीच उंची आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर मी त्या घरी आले.

पुढे त्यांच्या कमरेचा सांधा झिजला, तेव्हा त्या उंचीची किंमत कळली. बसायची त्यांची एक रीत होती. दाराकडे पाठ करायची, आधी सीटवर टेकायचं, मग मालक टाचांखाली हात घालून दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे.

"हळू, पाय माझे आहेत."

"म्हणून तर एवढे जड."

असे दर रविवारी आम्ही पलीकडच्या गावी त्यांच्या ताईकडे जायचो. दोघी बहिणी दिवसभर भांडायच्या आणि निघताना ताई माझ्या खिडकीत वाकून उरलेलं भांडण पुरं करायच्या.

माझ्यात जागा कमी होती, खोटं कशाला बोलू? मुलगा उंच, त्याचं डोकं छताला लागायचं. मागे तिघे बसले की मधल्याचे गुडघे वर यायचे. सूनबाई म्हणायची, "या गाडीत खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं." तिचं काही चुकीचं नव्हतं.

एक दिवस मुलाने एसयूव्ही आणली. "आईसाठी घेतली," तो ज्याला त्याला सांगत होता. दुकानात तो स्वतः बसून आला होता, सूनबाई बसून आली होती, दोघांनी पाय ताणून बघितले होते. जिच्यासाठी घेतली तिला मात्र कोणी नेलं नव्हतं. कंबर दुखतेय, कशाला त्रास, म्हणून.

आत काय थाट होता! डोक्यावर हातभर मोकळी जागा, काचेतून लांबवर रस्ता दिसायचा. पण तिची सगळ्यात मागची रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही आणि तिथे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. वळणावर ती डुलते, मी रस्ता धरून जाते. हे मी आकसाने सांगत नाही. बरं, थोडं आकसाने सांगते. पण खरी अडचण दारातच होती. पाय चांगला उंच उचलल्याशिवाय तिच्यात चढता येत नव्हतं आणि मालकीणबाईंचा पाय वीतभरही उचलत नव्हता.

मग प्लास्टिकचं स्टूल आलं. मुलगा खालून ढकलतोय, सूनबाई वरून ओढतेय. "अरे, मला पोत्यासारखं चढवू नका," मालकीणबाई म्हणाल्या. त्यानंतर दर रविवारी त्यांचं काहीतरी निघू लागलं. कधी डोकं धरलंय, कधी ऊन फार आहे. मालकांना सगळं कळत होतं. पण मुलाने हौसेने आणलीय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून ते गप्प बसले. त्यांनीच मला भिंतीकडे ढकललं, हँडब्रेक घट्ट ओढला आणि वरून कापड टाकलं. अख्खा पावसाळा मी तसाच काढला.

मग एका सकाळी ताईंच्या घरून फोन आला. "लवकर या. तुमचंच नाव घेतायत." एसयूव्ही दाराशी लागली. स्टूल ठेवलं. पाय उचलताना मालकीणबाई अशा ओरडल्या की शेजारीण बाहेर आली. त्या घराच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपली जुनी काढा."

मालकांनी कापड ओढलं, किल्ली फिरवली. बॅटरी मेलेली, मी काय करणार? मेकॅनिक आला. त्याने दुसरी बॅटरी लावून मला चालू केलं, पण मागची चाकं हलेनात.

"काका, हँडब्रेक ओढून ठेवला होता का? ब्रेकच्या आतल्या पट्ट्या गंजून चिकटल्यात. चाकं खोलावी लागतील."

मुलगा भाड्याच्या गाडीसाठी फोनवर फोन करत होता. "उंच नको हो, बसकी पाहिजे, बसकी!" मिळत होती ती उंचच. मालकीणबाई पायरीवरच होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. पुन्हा फोन वाजला. मुलाने ऐकून घेतलं आणि तो आईकडे बघायचं टाळू लागला.

"झाली बघा तयार!" मेकॅनिक हात पुसत म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

"आता कसली घाई?" मालकीणबाई म्हणाल्या.

तरी आम्ही गेलो. ताईंचा चेहरा झाकायचा तेवढा राहिला होता.

पुढच्या वर्षी मालकीणबाईही गेल्या. आता मालक रोज सकाळी मला चालू करतात, थोडा वेळ तसेच बसतात आणि बंद करतात. "बाबा, उगाच पेट्रोल जळतंय," मुलगा म्हणतो. "जळू दे," मालक म्हणतात.

मित्रांनो, कोणाच्या सोयीसाठी काही आणाल, तर आधी त्याला त्यात बसवून बघा. आपल्या पायांनी दुसऱ्याची सोय मोजू नका. आणि ज्याला घरात सगळं दिसत असेल, त्याने तोंड उघडावं. मुलगा चार दिवस रुसला असता. एवढंच झालं असतं.