दोन पेट्यांच्या मधली जागा

सुगंधाबाईचे डोळे पुरते गेले त्या वर्षी, धान कापून झाल्यावर, मुखरू वाढई आपल्या आईला कुरखेड्याकडच्या गावाहून बैलगाडीने वडशाला घेऊन आला. वडशाला स्टेशनामागच्या आरागिरणीला लागून त्याची दोन खोल्यांची जागा होती. दिवसभर सागाचे ओंडके चिरल्याचा आवाज यायचा, आणि दारापुढच्या अंगणात भुश्याचा पिवळट थर बसायचा. मूलबाळ नव्हतं. बायको शकुबाई सकाळी भातगिरणीत पाखडणीला जायची, दुपारी परत यायची. गावी सुगंधाबाईला दिवसभर माणसं असायची, कोणी मोहफुलं वाळत घालताना तिच्याजवळ टेकायचं, कोणी सुपारी मागायला यायचं. इथं ती समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची आणि बाहेरून जाणाऱ्या पायांचे आवाज मोजल्यासारखी मान हलवायची.

मुखरू वाईट मुलगा नव्हता. तो आईचं अंथरूण स्वतः घालायचा, हाताला धरून तिला विहिरीपर्यंत न्यायचा. फक्त तो बोलत नसे. लहानपणापासून त्याला बोलण्याची गरजच वाटली नव्हती. लाकूड हातात घ्यावं, त्याच्या रेषा बघाव्यात, रंधा मारावा, आणि संध्याकाळी जेवून निजावं, यात शब्द लागतात कुठे? आई काही विचारायची तेव्हा तो मान डोलवायचा, आणि मग त्याच्या लक्षात यायचं की तिला ते दिसलेलं नाही. आपण कामावर गेलो की आईशी कोण बोलणार, ही काळजी त्याला होती. आपण घरी असतानाही कोणी बोलत नाही, हे त्याच्या मनात कधी आलं नाही.

म्हणून एका जंगल ठेकेदाराने लेकीच्या लग्नातल्या पलंगाच्या मोबदल्यात जुना बॅटरीवरचा रेडिओ पुढे केला, तेव्हा मुखरूने तो लगेच घेतला. रेडिओच्या आतल्या काचेच्या दिव्यांना, म्हणजे व्हॉल्व्हना, काही झालं नव्हतं, पण आतला स्पीकर उंदरांनी कुरतडून टाकला होता. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे, त्या दिवसांत वडशाला तंबूतला सिनेमा यायचा, त्याच्या मशीनवर झिंगू नावाचा माणूस होता. त्याच्याजवळ दोन जुने स्पीकर पडून होते, एकाच मापाचे, काळ्या कागदाचे, मागे मोठं लोहचुंबक. मुखरूने तंबूतली मोडकी बाकं नीट करून दिली आणि झिंगूने दोन्ही स्पीकर त्याच्या पुढ्यात ठेवले.

नुसता स्पीकर टेबलावर ठेवला तर तो चिरक्या आवाजात बोलतो, त्याला लाकडाची पेटी पाहिजे, आणि दोन लावायचे असतील तर दोन्ही पेट्या तंतोतंत सारख्या पाहिजेत, असं झिंगूने त्याला समजावून सांगितलं. एवढंच मुखरूला पुरेसं होतं. त्याने एकाच सागाच्या ओंडक्यातून शेजारशेजारच्या फळ्या काढल्या, म्हणजे एका पेटीवर ज्या रेषा येतील त्याच, आरशात पाहिल्यासारख्या, दुसरीवर येतील. कोपरे त्याने खिळ्यांनी ठोकले नाहीत. खाचा एकमेकींत बसवून सरसाने जोडले. फळीवर बोटाच्या पेराने ठोकायचं, कान लावायचा, जिथे भांड्यासारखं वाजेल तिथे आतून पट्टी द्यायची, असं करत त्याने आठवडे घालवले. पेट्यांच्या आत जुन्या गोधडीचा कापूस भरला, आणि तोंडावर शकुबाईच्या विरलेल्या लुगड्याचं कापड ताणून बसवलं. आयुष्यात त्याने इतकं जीव लावून काही केलं नव्हतं. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या तेव्हा कोणती आधी केली हे त्यालाही सांगता येईना.

समोरच्या खोलीत, आई बसायची त्या भिंतीच्या समोर, त्याने एक पेटी या कोपऱ्यात आणि दुसरी त्या कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळ होती, शकुबाई चुलीजवळ होती. झिंगूने तारा जोडून दिल्या, थोडी खरखर झाली, आणि मग नागपूरहून कोणी एक पुरुष शांत, भरल्या आवाजात धानावरच्या किडीबद्दल बोलू लागला.

तो आवाज पेट्यांतून येत नव्हता. मुखरू आईशेजारी बसला होता, आणि त्याला स्पष्ट ऐकू आलं की आवाज दोन पेट्यांच्या मधून, रिकाम्या जागेतून येतो आहे, उभ्या माणसाचं तोंड असावं तितक्या उंचीवरून. झिंगू हसला. "पेट्या जुळ्या झाल्या भाऊ," तो म्हणाला. "जुळ्या असल्या का आवाज मधात उभा राह्यते. आमच्या तंबूत बी तसाच पडद्यातून बोलते."

सुगंधाबाईने मान वर केली होती. पुष्कळ दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं. बोलणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत ती थांबली आणि मग सुनेला म्हणाली, "शकू, त्याले उभा काऊन ठेवला वं? बसाले पाट दे."

सगळे हसले. शकुबाईने सासूचं मन राखायला स्वयंपाकघरातला पाट आणून खरंच तिथे मांडला. मुखरूही हसला. पेट्या मनासारख्या झाल्याचा आनंद त्याला इतका होता की त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने रेडिओ लावला, आणि आवाज पाटाच्या जरा वरून आला. बसलेल्या माणसाचं तोंड असावं, तितक्या उंचीवरून.

त्याने आधी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही. तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला, दाराजवळ गेला. कुठूनही ऐकलं तरी आवाज पाटावरच होता. त्याने शकुबाईला विचारलं, तर तिला काहीच वेगळं वाटलं नाही. रेडिओ वाजतो आहे, एवढंच ती म्हणाली. पण ताट घेऊन येताना ती पाटाला वळसा घालून आली, आणि तिचा पदर पाटाकडच्या बाजूने तिने हाताने आवरून धरला होता. मुखरूने पाट उचलायला वाकून पाहिलं आणि, का कोण जाणे, तसाच मागे सरकला. आई समोर बसली होती, चेहरा फुललेला. इतके दिवस जिने धड दोन घास खाल्ले नव्हते, ती आता जेवायला मागून घेत होती.

पुढे काही दिवस मुखरू जे जे सुचेल ते करून पाहत राहिला. पेट्या त्याने पुढे ओढल्या, भिंतीकडे फिरवल्या, एक आतल्या खोलीत नेऊन ठेवली. आवाज जागचा हलला नाही. शेवटी त्याने झिंगूला बोलावलं. झिंगू दारातून बोलत बोलत आत आला, पाटाशी येऊन थबकला, आणि दूर भिंतीशी जाऊन बसला. थोडा वेळ त्याने ऐकलं. मग त्याने हात लांब करून एका पेटीची तार सोडली. आवाज जरा बारीक झाला, पण पाटावरच राहिला. झिंगूने दुसरी तार काढायला हात नेला, आणि तसाच मागे घेतला. चहा तसाच ठेवून तो उठला. बॅटरी उतरली असेल, भरून आणा, असं काहीतरी तो म्हणाला. दोन दिवसांनी तंबू गडचिरोलीच्या मंडईकडे हलला. जाताना तो भेटायला आला नाही.

मुखरूने बॅटरी खरंच भातगिरणीच्या इंजिनवर भरायला दिली. ती परत यायला वेळ लागणार होता, आणि तेवढे दिवस तरी घरात शांतता राहील असं त्याला वाटलं. आई उदास होईल याची भीती होती, पण ती उदास झाली नाही. मुखरू पाणी प्यायला आरागिरणीतून अंगणात यायचा तेव्हा त्याला आतून तिचा हळू आवाज ऐकू यायचा. गावच्या बोडीतल्या पाण्याबद्दल, मेलेल्या बैलाबद्दल, मुखरूच्या बापाबद्दल ती बोलत असायची. म्हातारं माणूस आपल्याशी बोलतं, त्यात नवल नाही. पण ती मधेच थांबायची, कोणी उत्तर द्यावं तेवढा वेळ गप्प राहायची, आणि मग हसायची.

एका संध्याकाळी जेवताना तिने शकुबाईला सांगितलं की पोळ्याला आपण सगळे गावी जाणार आहोत, मुखरू तसं म्हणाला.

"मी कवा म्हणलो माय?" मुखरूने विचारलं.

सुगंधाबाईने त्याच्याकडे तोंड वळवलं. शकुबाई भात वाढत होती. "दुपारी तं बोलून राह्यले होते तुमी मायसंग," ती म्हणाली. "मी चुलीपासून आयकलं. मले बी बरं वाटलं, म्हणलं इतक्या वर्सानं यायले बोलाले सुचलं."

दुपारभर मुखरू आरागिरणीत होता. एक लांब ओंडका चिरायचा होता, चार माणसं त्याच्यासोबत होती. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काय विचारलं असतं, आणि त्यावर आपण काय बोललो असतो, हे त्याला जुळवता आलं नाही. तो खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही पेट्या उचलून आरागिरणीत नेल्या. पटाशी घेतली आणि जे कोपरे इतक्या प्रेमाने जुळवले होते ते एकेक करून उकलले. आत कापूस होता, तारा होत्या, लोहचुंबकाला चिकटलेला थोडा लोखंडी कीस होता. फळ्या त्याने जळणाच्या ढिगावर टाकल्या. रेडिओ ज्याला हवा होता त्याला देऊन टाकला. घरी येऊन पाट उचलला. तो अगदी हलका होता, रोजचाच पाट, आणि त्याने तो स्वयंपाकघरात भिंतीशी उभा केला. एवढं सगळं होत असताना आई शांत बसून होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दल थोडी कीव होती, अनोळखी माणसाचा त्रास पाहून वाटते तशी.

त्या दिवसापासून त्याने बोलायचं ठरवलं. कामावरून आला की तो आईच्या पुढ्यात बसायचा आणि शब्द शोधायचा. आज बिजाचं लाकूड आलं, गाडी उशिरा आली, नदीला पाणी उतरलं. ती ऐकून घ्यायची. हो म्हणायची, बरं म्हणायची. एकदा तिने त्याला विचारलं, "घर कुठी हाये तुमचं?" त्याने थट्टा समजून हसायचा प्रयत्न केला, पण तिने "तुमचं" म्हटलं होतं, आणि आईने त्याला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं.

पाट पुन्हा जागेवर दिसला तेव्हा त्याने शकुबाईला विचारलं, कोणी मांडला. ती चकित झाली. "तुमीच तं घेतला बसाले," ती म्हणाली, आणि कामाला लागली. त्याच्या लक्षात आलं की ती अलीकडे खूश असते. केसांना तेल लावते. तिच्या बोलण्यातून त्याला कळायचं की कालच्या दुपारी आपण तिला काय काय सांगितलं, तिच्या माहेरच्यांची कशी चौकशी केली, तिच्या हातच्या भाजीला कसं बरं म्हटलं. त्या सगळ्या चांगल्या गोष्टी होत्या. बोलायला हव्या होत्या अशाच. ते मी नव्हतो, असं सांगायला तो तोंड उघडायचा, आणि स्वतःचा आवाज त्याला घशाच्या फार आत, कापसात गुंडाळल्यासारखा वाटायचा.

माघातल्या एका दुपारी करवतीचं पातं तुटलं आणि सगळ्यांना लवकर सुट्टी झाली. मुखरू अंगणातून आला. दार उघडं होतं. खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता, आई भिंतीला टेकून सुपारी कातरत होती, आणि आतून फोडणीचा वास येत होता. तो उंबऱ्यावर थांबला. किती दिवसांत इतक्या प्रेमाने मारली नव्हती अशी त्याने हाक मारली, "माय."

सुगंधाबाईचे हात थांबले. तिने आवाजाच्या दिशेला कान दिला, आणि मग तोंड दुसरीकडे, पाटाकडे वळवलं.

"मुखरू," ती हलकेच म्हणाली, "दारात कोनी आलं हाये. पाह्य बरं."

आतून शकुबाई डोकावली. तिने उंबऱ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि परक्या माणसासमोर बायका सरकतात तशी ती हळूच आत सरकली.

मुखरू दारातच उभा राहिला, आणि कोणी उठून येतं का याची वाट पाहू लागला.