साखळीबाईंचे उंदीर

प्रयोगशाळेत तिला सगळे साखळीबाई म्हणत. अमिनो आम्लं एकेक करून साखळीत जोडायची आणि फ्लूच्या विषाणूच्या एका तुकड्याची हुबेहूब नक्कल तयार करायची, हे तिचं काम. विषाणू दरवर्षी रूप पालटतो, पण हा तुकडा फारसा बदलत नाही. शरीराला तोच ओळखायला शिकवला, तर दरवर्षी नवी लस टोचावी लागणार नाही. या आशेवर तिनं ऐन उमेदीची वर्षं घातली होती.

आता तिची लस दिलेल्या आणि न दिलेल्या, अशा दोन्ही गटांतल्या उंदरांना मुद्दाम फ्लू दिला होता. उंदीर आजारी पडला की त्याचं वजन उतरतं. लस न दिलेल्यांचं उतरत होतं, ते ठरल्याप्रमाणेच. पण त्या सकाळी लस दिलेल्यांचंही उतरलं. तिनं काटा पुसून पुन्हा वजनं घेतली. आकडे तेच.

सरांनी ऐकून घेतलं आणि साखळीची रचनाच बदलून पाहू म्हणाले. म्हणजे आजवरची सगळी वर्षं वाया. आईचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. आधी दोन घास खाऊन घे, एवढंच ती म्हणाली.

घास काही उतरेना. ती परत पिंजऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. लस न दिलेले उंदीर अंग फुलवून कोपऱ्यात धापा टाकत होते. लस दिलेले मात्र पाण्याच्या तोटीपाशी एकमेकांना ढकलत होते. आजारी उंदीर असली मारामारी करतो होय? तिनं तोटी दाबली. थेंबही येईना. त्या कप्प्याची नळीच तुंबली होती.

नळी बदलली तसे सगळे तोटीवर तुटून पडले. दुसऱ्या सकाळी त्यांची वजनं भरून आली. पलीकडच्यांची उतरतच होती.

"प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल," सर म्हणाले. "हे आकडे कुणी मानणार नाही."

"करू की," ती इतक्या आनंदानं म्हणाली, की सर बघतच राहिले.

मग जिन्यात बसून तिनं फोन लावला. "आई, वाया नाही गेलं गं."

"गेलं असं मी कधी म्हटलं होतं?" आई म्हणाली.