कीबोर्डाची एक ओळ

"यंत्र माणसाचा नोकर आहे, मालक नव्हे," असं सासऱ्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. आता ते त्याच नोकरासमोर हात जोडून उभे होते.

सून आपल्या संगणकात पासवर्ड टाकायची, पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. शाळेच्या इमारतीचे तिचे नकाशे आत अडकले होते. ते बारापर्यंत पुरे करून पाठवले नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"बाबा, कशाला हात लावलात?"

"मी? छे. फडक्याने पुसला फक्त."

"पुसल्याने असं होत नाही."

तिने तीन बटणं एकदम दाबली. चित्रं जाऊन काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आली आणि तिथे तोच पासवर्ड निमूट चालला.

"पासवर्ड बरोबर आहे. आत शिरताना काहीतरी आडवं येतंय. पण शेकडो फायलींतून शोधू कुठे?"

सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, सुनेचा चेहरा पाहिला आणि अब्रूवर पाणी सोडलं. "कीबोर्ड मराठी व्हावा म्हणून आत शिरताना संगणक जी फाईल वाचतो, तिच्यात मी एक ओळ घातली असेल."

"असेल?"

"घातली."

तिने ती ओळ काढून पुन्हा पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मग एकदाचे नकाशे उघडले.

बाराच्या आत नकाशे गेले. सून खुर्चीत मागे रेलली. सासरे हळूच खाकरले.

"सूनबाई, ती ओळ जरा नीट करून परत घालतेस का? यंत्रांच्या गुलामीवरचा माझा लेख अर्धाच राहिलाय."