मागचा डबा

“विमान की गाडी? लवकर सांगा वहिनी, लाइन तुटेल.” रघुनाथरावांनी रिसीव्हर कोकिळेच्या हातात दिला आणि ते सभ्यपणे खिडकीशी जाऊन उभे राहिले.

रघुनाथराव खडोलीच्या सूत कारखान्यातले हेडक्लार्क, मूळचे चिपळूणचे. नरोलीच्या चाळीत जीप पाठवून त्यांनीच तिला बोलावून घेतलं होतं. फोनच्या पलीकडे, थेट इटलीतल्या मिलान शहरात, तिचा नवरा वाल्मिक होता. कारखान्यानं सूत पिळण्याचं नवं मशीन घेतलं होतं आणि ते शिकायला कंपनीनं आपला फिटर तिकडे पाठवला होता. इकडे त्याच्या आईनं, चिमाबाईनं, अंथरूण धरलं. आज सकाळी डॉक्टरांनी कोकिळेला बाहेर बोलावून सांगितलं, मुलाला बोलवायचं असेल तर आताच बोलवा.

मुंबईचं विमान उद्या सकाळी झुरिक नावाच्या दुसऱ्या शहरातून सुटणार होतं. प्रश्न होता तो मिलानहून झुरिकला पोचायचा. संध्याकाळचं छोटं विमान होतं, पण धुकं इतकं दाट की ते उडेल की नाही, कोणी सांगेना. रात्रीची आगगाडी मात्र सुटणार होती.

“काय करू?” वाल्मिक विचारत होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा. “माय कशी शे?”

“तुमचीच वाट पाही राहिली.”

“मग तू सांग. तू सांगशील तसं.”

हा वाल्मिकचा जुना खाक्या. मशीनपुढे वाघ, पण घरात साधी बादली घ्यायची तरी बायकोला विचारणार. एरवी कोकिळेला त्याचं कौतुक वाटायचं. आज मात्र ते ओझं वाटलं. नरोलीला काय, जवळच्या सिल्वासा शहरालाही ना रेल्वे ना विमानतळ. गाडी धरायची तर वापीला जावं लागतं, आणि विमान म्हणजे नरोलीच्या आभाळातून जाणारा पांढरा ठिपका. त्या ठिपक्यावर सासूचा शेवटचा श्वास कसा टांगायचा? गाडी मात्र तिच्या ओळखीची होती. लग्न होऊन खानदेशातल्या दोंडाईचाहून ती गाडीनंच आली होती. गाडी रखडते, रडवते, पण येते.

“गाडीनं या,” ती म्हणाली. आणि मग, बाहेरगावी निघालेल्या माणसाला बायको सांगते तसं सांगून गेली, “मागला डबामा बठा. तठे गर्दी कमी ऱ्हास.”

ही शिकवण चिमाबाईचीच. वापीच्या फलाटावर सगळी दुनिया मधल्या डब्यांवर तुटून पडायची, तेव्हा चिमाबाई पदर खोचून सरळ शेवटच्या टोकाला चालू लागायची. “मागे चला, मागे. टेकाला जागा भेटी जाई.” आणि भेटायचीच.

त्या संध्याकाळी कोकिळेनं सासूच्या कानाशी वाकून सांगितलं, “निघाले ते. गाडीत बसतील आता.”

चिमाबाईनं डोळे उघडले. “गाडीमा?” तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. विमानाची तिनं हायच खाल्ली होती. पोरगा विमानानं गेला त्या दिवसापासून ती आभाळाकडे बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, चिमाबाई गेली. जाईपर्यंत दर थोड्या वेळानं तिचा एकच प्रश्न, “वाल्मिक उना का?” आणि कोकिळेचं एकच उत्तर, “येतीलच.” शेवटी शेवटी तिला स्वतःच्याच उत्तराची भीती वाटायला लागली.

एकुलता एक मुलगा, त्याच्याशिवाय अग्नी कोण देणार? चाळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, मातीला ताटकळत ठेवू नये. कोकिळा हटून बसली. उद्या उजाडता ते येतात, तोवर कोणी हात लावायचा नाही. वापीहून बर्फाच्या लाद्या आल्या. कंपनीची जीप मुंबईच्या विमानतळावर गेली. भाऊबंदातला नवनाथ, तोही कारखान्यात फिटरच, जीपबरोबर गेला.

सकाळी जीप आली. दारातली माणसं उठून उभी राहिली. नवनाथ एकटाच खाली उतरला.

“विमानात नव्हते, वहिनी. सगळे उतरले, हमालसुद्धा गेले. मी विचारलं, यादीत नाव नही म्हणे.”

बर्फाचं पाणी उंबऱ्याखालून गल्लीत चाललं होतं, कोकिळा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि माणसं कामाला लागली. दमणगंगेच्या काठावर चिमाबाईला नवनाथनं अग्नी दिला.

वाल्मिकचा फोन रविवारीच वाजून गेला होता, पण ऑफिसला कुलूप होतं. तो स्वतः पोचला तेव्हा राखेवरही पाणी पडलं होतं. दारात बसून तो लहान पोरासारखा रडला. लोकांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, “गाडी लेट झाली.”

गाडी लेट होणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक. कोणी पुढे विचारलं नाही. समाचाराला आलेल्या रघुनाथरावांच्या तोंडून मात्र निघून गेलं, “नशीब हो. ते धुकं निवळलं म्हणे नंतर. संध्याकाळचं विमान उडालं.” कोकिळेनं ते ऐकलं आणि जन्मभरासाठी मनात गाडून टाकलं. विमान म्हणाली असती तर! पण त्यातही एक आधार होता. गाडी लेट होते, त्यात माणसाचा काय दोष? त्या आधारावर ती वर्षभर जगली.

वर्षश्राद्ध पंधरवड्यावर आलं, तेव्हा नवनाथ इटलीहून परतला. दुसरं मशीन शिकायला या वेळी त्याला पाठवलं होतं. पहिल्याच रविवारी तो चॉकलेटं घेऊन आला. मागोमाग चाळ आली.

“मग भारी काय? विमान का गाडी?” कोणीतरी विचारलं.

“विमान नुसतं नावाला,” नवनाथ मांडी ठोकून बसला. “उडतं तासभर, पण विमानतळ गावाच्या बाहेर. आधी जा, लाइनमध्ये उभे राहा, बॅगा उघडा. आणि खाली बघाल तर ढग. गाडीचं तसं नही. भर गावातून निघते, भर गावात उतरवते. गाई दिसतात, बाया कपडे वाळत घालताना दिसतात. आणि टाइम? घड्याळ लावून घ्या! मी होतो तोवर एकपण गाडी लेट नही.”

कोकिळा कपबश्या मांडत होती. तिचा हात थांबला.

“फक्त एक लफडं. मध्ये एका जंक्शनला गाडी फोडतात. पुढचे डबे झुरिकला, मागचे दुसऱ्याच गावाला. झोपलात तर गेलात! मला तर वाल्मिकदादांनी निघतानाच बजावलं होतं, काही कर पण मागच्या डब्यात...”

“नवनाथ, चहा गार होतोय,” वाल्मिक म्हणाला.

आवाज चढला नव्हता. पण नवनाथ गप्प झाला, आणि कोणीतरी चॉकलेटाची चौकशी काढली.

कोकिळेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता, खाली बघत. वर्षभर याला हे ठाऊक होतं. चाळीनं विचारलं, गावानं विचारलं, प्रत्येक वेळी गाडी लेट झाली एवढंच. एकदासुद्धा, भांडणाच्या भरातसुद्धा, तू सांगितलंस म्हणून, असं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. तिनं कपबश्या उचलल्या आणि मोरीत नेऊन घासायला बसली.

आठवड्यानं श्राद्धासाठी गावी जायला दोघं वापीला आली. फलाटावर मुंगीला जागा नव्हती. वाल्मिकनं पिशव्या उचलल्या आणि नेहमीसारखा मागच्या टोकाकडे चालू लागला.

कोकिळा जागची हलली नाही. “आज पुढं बसू,” ती म्हणाली.

तो परत आला. त्यानं पिशव्या खाली टेकवल्या.

“मायनं सांगेल शे ते,” तो म्हणाला. “माय काय वाईट सांगंल का? आणि तू तरी?”

गाडी आली. मागचा डबा फलाटाच्या बाहेर, खडीवर उभा राहिला. पायरी उंच होती. वाल्मिक आधी चढला, पिशव्या आत ठेवल्या आणि दारात वाकून त्यानं हात खाली केला.

“ये,” तो म्हणाला. “जागा शे.”