बुधल्याला लावलेला कान

त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. वारा पडलेला, दारातल्या द्राक्षवेलीचं पानसुद्धा हलत नव्हतं. अशा शांत दिवशी माझं बोलणं नीट ऐकू येतं. मी बुधला बोलतोय. जाड हिरव्या काचेचा, मान आखूड, पोट मोठं.

माझा जन्म भट्टीतला. फुंकणाऱ्या कारागिराचा श्वास जरा जास्त झाला आणि मी एका कुशीला फुगलो. दुकानात मला कोणी घेईना. शेवटी एका बाईनं उचललं. "वाकडा आहे, पण पोटानं चांगला आहे. आमच्या ह्यांच्यासारखाच," ती म्हणाली. 'हे' म्हणजे तिचा सुतार नवरा. त्यानं निमूट मला खांद्यावर घेतलं.

वेल बाईनंच लावलेली. काळी द्राक्षं ती परातीत हातानं कुस्करायची, सालांसकट आठवडाभर पातेल्यात ठेवायची, दिवसातून दोनदा ढवळायची. मग फडक्यातून गाळून, साखर घालून, रस माझ्यात. बूच सैल. रस आंबू लागला की माझ्या पोटात बारीक बुडबुडे सुरसुरत वर येतात. बाई रोज सकाळी माझ्या फुगीर कुशीला कान लावायची. "बोलतोय अजून," म्हणायची आणि कामाला लागायची. मी अगदी गप्प झालो की मगच बाटल्या भरायची. लिहून ठेवलेलं काही नाही. कान हेच तिचं माप.

मग ती गेली. वेल मात्र त्या वर्षीही लगडली.

सुतारानं सगळं तिच्यासारखं केलं. मला कानही लावला. पण करवतीच्या आवाजात त्याचे कान कधीच गेले होते. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं म्हणायचा. वरचा फेस बसला, ऐकू तर काहीच येईना, तेव्हा त्याला वाटलं, झालं काम. मी आतून सुरसुरत होतो, पण सांगणार कसा? त्यानं बाटल्या भरून बुचं ठोकली. सुताराचं ठोकणं ते, पक्कं. आठव्या दिवशी दुपारी फळीवरच्या सात बाटल्या एकामागून एक फुटल्या.

लेक आलेली होती. भिंत पुसता पुसता म्हणाली, "बाबा, काच डोळ्यात गेली असती. पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं, तर वेल काढून टाकायची."

त्यानं तिला तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा मान हलवली.

यंदा मला भरल्यावर तो कुंपणापाशी गेला आणि शेजारच्या शिंप्याला म्हणाला, "मला ऐकू येत नाही. तू येऊन ऐक."

"वीस वर्षं ओरडतोय मी इथून. आज कबूल केलंस," शिंपी म्हणाला. तेही त्याला दोनदा सांगावं लागलं.

मग रोज सकाळी, गळ्यात टेप अडकवलेला शिंपी माझ्या कुशीला कान लावायचा. "बडबड चालू आहे," असं हातानं दाखवायचा. सुतार थांबायचा. महिना गेला, दुसरा लागला. त्या बिनवाऱ्याच्या दिवशी शिंप्यानं दोन्ही बाजूंनी ऐकलं, श्वास रोखून ऐकलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प झालो होतो. पण सुतार दुधानं तोंड पोळलेला माणूस; त्यानं शिंप्याला आणखी आठ दिवस यायला लावलं.

आता मी धुऊन वेलीखाली पालथा पडलोय. बाटल्या भरून महिना झाला, एकही फुटलेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की बूच ठोकायच्या आधी कुणाला तरी ऐकायला सांगत जा. त्यात कमीपणा नाही.

काल लेक आली. सुतारानं तीन पेले भरले. तिनं घोट घेतला, वेलीकडे पाहिलं आणि दुसरा घोट घेतला. शिंप्यानं मात्र आपला पेला संपवला, आणि सुताराच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "वहिनींची सर नाही. पुढच्या वर्षी साखर थोडी कमी घाल."