शालिग्राम-४

“सर, शालिग्रामले भंगारात द्यावं लागते का आता?” मुख्याध्यापिका अनुपमाबाईंनी विचारलं, आणि प्रसेनजितच्या हातातला पेचकस खाली पडता पडता राहिला.

रोहिणखेडजवळच्या त्या शाळेतले जुने संगणक तपासायला तो चिखलीहून आला होता. ठेवायचे कोणते आणि टाकायचे कोणते एवढंच सांगायचं होतं.

“कोण शालिग्राम?”

“हा काय.” बाईंनी कोपऱ्यातलं मशीन दाखवलं. “चालू केलं की पडद्यावर पयले हेच नाव येते. पोरंही त्याले शालिग्रामच म्हणतात. बाकीचे नऊ बसले, हा एकटा चालून राह्यला.”

प्रसेनजितने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. ३.१६.७-शालिग्राम-४. अकरा वर्षांत त्याने ते नाव कुठे पाहिलं नव्हतं, आणि पाहायला लागू नये याची काळजीही घेतली होती.

चिखलीत बसस्टँडच्या मागे त्याने आणि त्याचा मित्र शालिग्रामने मिळून संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. दुकान प्रसेनजितच्या नावावर, हुशारी शालिग्रामच्या डोक्यात. यंत्र आणि त्यावरचे प्रोग्राम यांच्यामध्ये बसून सगळा कारभार हाकणारा गाभा म्हणजे कर्नेल. शाळांचे रडतखडत चालणारे संगणक धावते व्हावेत म्हणून शालिग्राम त्यातलं नको ते काढून टाकायचा आणि कर्नेल नव्याने बांधायचा. प्रत्येक बांधणीला नाव देण्याचा त्याचा ठरलेला नियम होता. सुरुवातीचे आकडे कर्नेल मूळ लिहिणाऱ्यांचे, त्यांना हात लावायचा नाही. मग एक रेघ, बांधणाऱ्याचं नाव आणि त्याची ती कितवी बांधणी, तो आकडा.

“नाव काऊन टाकतो बे?” प्रसेनजितने एकदा विचारलं होतं.

“उद्या बिघडलं त कोणाले धरायचं, ते समजलं पाह्यजे.”

प्रसेनजितनेही हात मारून पाहिला होता. ‘प्रसेनजित-१’ सुरूच झालं नाही. ‘प्रसेनजित-२’ सुरू झालं, पण बंद व्हायला तयार नव्हतं. दोघं पोट धरून हसले होते.

मग एका मोठ्या शाळेच्या प्रयोगशाळेचं काम मिळालं. वीस संगणक, उद्घाटनाला मोठे पाहुणे, फोटो. आदल्या दिवशी प्रसेनजितच्या मनात आलं की वीसच्या वीस पडद्यांवर शालिग्रामचं नाव झळकणार आणि आपण बाजूला उभे राहणार. दुकान आपलं, धावपळ आपली. खरं तर नाव बदलायचं म्हणजे कर्नेल पुन्हा पहिल्यापासून बांधायचं. त्याला वेळ कुठला? सकाळी लवकर जाऊन त्याने नुसतं कर्नेलच्या फायलीचं आणि माऊस, नेट वगैरे चालवणाऱ्या त्याच्या सुट्या भागांच्या फोल्डरचं नाव बदललं. शालिग्रामच्या जागी दुकानाचं नाव घातलं.

वरचं नाव बदललं तरी आतलं तेच होतं. कर्नेल सुरू झालं आणि आपले भाग ‘शालिग्राम’ नावाच्या फोल्डरमध्ये शोधू लागलं. तसं फोल्डर आता नव्हतंच. पाहुण्यांसमोर वीस पडदे उजळले, पण एकही माऊस हलेना, नेटही लागेना. संस्थेच्या माणसाने दरडावून विचारलं, “हे कोणाचं काम आहे?”

प्रसेनजितला चूक त्याच क्षणी कळली होती. तरी तो म्हणाला, “कर्नेल शालिग्रामनं बांधलं हाय.”

शालिग्राम दारातच उभा होता, वायरचं भेंडोळं हातात घेऊन. त्याने ते टेबलावर नीट ठेवलं आणि तो निघून गेला. संध्याकाळी प्रसेनजितने नावं पूर्ववत केली, मशीनं सुरू झाली, आणि वाचवणारा म्हणून त्याचीच पाठ थोपटली गेली. शालिग्राम पुन्हा दुकानात आला नाही. पुढे ते बांधणीचं कामही बंद पडलं, कारण ते जमणारा माणूस एकच होता.

मोताळ्याच्या रस्त्यावर शालिग्रामची रोपवाटिका आहे हे प्रसेनजितला ठाऊक होतं. एसटीत तो त्या बाजूच्या खिडकीला बसत नसे.

“राहू द्या याले, मॅडम,” तो अनुपमाबाईंना म्हणाला. परतीच्या वाटेवर तो मधेच उतरला.

“लई वर्षांनी आले भाऊजी,” शालिग्रामची बायको गीताबाई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. हिरव्या जाळीखाली शालिग्राम रोपांच्या ट्रेवर वाकला होता. केस पांढरे झाले होते. प्रत्येक ट्रेला चिठ्ठी खोचलेली होती. मिरची-६-सोजराबाई. वांगं-२-छाया. पिकाचं नाव, खेप, रेघ आणि ज्या बाईने बी टोकलं तिचं नाव.

“त्या दिवशी फोल्डरचं नाव मी बदललं होतं,” तो म्हणाला. अकरा वर्षं घोळवलेलं वाक्य, आणि इतकं लहान.

“हाव. मले तिथंच समजलं होतं.”

“मंग बोलला काऊन नाही?”

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो.” शालिग्रामने एक वाळकं रोप उपटून बाजूला टाकलं. “दोन-तीन वर्षं थांबलो.”

“आपण नवीन बांधू. तुह्याच नावानं. त्या शाळेत तुहं चार नंबर अजून चालून राह्यलं.”

शालिग्रामचा चेहरा घटकाभर उजळला. “चालून राह्यलं?” त्याने विचारलं. मग मातीने भरलेली बोटं न्याहाळत म्हणाला, “पण आता नाही जमत गा. विसरलो समदं.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं प्रसेनजितला वाटलं.

गीताबाईने आणलेलं पाणी पिऊन तो रस्त्यावर आला. हात दाखवून थांबवलेल्या एसटीत तो यावेळी रोपवाटिकेच्या बाजूच्या खिडकीला बसला. शालिग्राम पुन्हा ट्रेवर वाकला होता आणि नव्या चिठ्ठीवर कोणाचं तरी नाव लिहीत होता.